अर्धं झाकलेलं पातेलं

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. सभेतून उरलेले गठ्ठे बाबा घरी आणायचे आणि मी फरशीवर पालथी पडून ते वाचत राहायची. त्या भाषेत मधलं काही नव्हतं. अन्याय पूर्ण होता, म्हणून लढाही पूर्णच. 'अर्धवट' हा शब्द मला अजूनही शिवीसारखा लागतो. एम.एस्सी.ला अमरावतीत मला प्रकल्प मिळाला तो मात्र अर्धवट झाकलेल्या पाण्याचा.

काचेची पेटी, खालून गरम, वरून थंड. पाण्यात चंदेरी भुकटी. गरम पाणी भुकटीला घेऊन वर चढायचं, वर निवायचं आणि बाजूने खाली उतरायचं. दुपारच्या सामसूम प्रयोगशाळेत मी ते वळसे बघत बसायची. बघता बघता आपणच त्यात हलके होऊन फिरतोय असं वाटायचं.

मग पेटीची वरची अर्धी बाजू थर्माकोलने झाकली. अर्धं झाकलं म्हणजे उष्णताही अर्धीच बाहेर पडणार, असा माझा हिशोब. पण झाकणाखाली अडलेलं गरम पाणी तिथे थांबलं नाही. आडवं सरकत ते उघड्या बाजूला गेलं आणि तिथून उष्णता सोडू लागलं. तोच थर्माकोल कापून अरुंद पट्ट्या केल्या, अंतर सोडून लावल्या, तर वर झाकण आहे हे पाण्याला जणू कळलंच नाही; उष्णता जवळजवळ पहिल्याइतकीच बाहेर पडत राहिली.

बुद्धपौर्णिमेला अकोल्याला घरी आले. विहारातल्या खिरीचं पातेलं यंदा पहिल्यांदाच आईकडे आलं होतं. गेल्या वर्षी शेजारच्या मावशीची खीर वाटायच्या आधीच आंबली होती आणि त्यावरून तिला अजून टोमणे बसत. आपल्या पातेल्याचंही तसंच होईल, या धास्तीने आई पहाटेपासून दूध पुन्हा पुन्हा हुंगून पाहत होती.

आमच्याकडे खीर चुलीवरून उतरली की त्यावर जुन्या लुगड्याची चौपदरी घडी घालतात. माशा नकोत, धूळ नको. वैशाखात त्या घडीखाली खीर दुपारपर्यंत कोमटच राहते आणि आंबते.

"घडी काढ," मी म्हणाले.

"काढ म्हंते. मंग माशा काय तू हाकलशीन?" आई म्हणाली.

मावशी ओट्यावरून म्हणाली, "शिकून आली ना ती. आता मले खीर शिकवते का पायतो."

परसात संत्र्याच्या मोडक्या पेट्या पडल्या होत्या. त्यांच्या फळ्या मी घासल्या, उकळत्या पाण्याने धुतल्या, उन्हात वाळवल्या. घडी काढली, चार बोटं फळी, चार बोटं फट, अशा त्या पातेल्यावर आडव्या ठेवल्या आणि वरून मलमलीचा एकच पदर ताणला.

"हे काय, पातेल्याले बरगड्या काढून राहिली," मावशी म्हणाली.

आईने मात्र घडी परत घातली नाही. खीर पातळच होती, दूध जास्त, तांदूळ मोजका. मी मलमलीचं एक टोक उचलून आत पाहिलं. एक चारोळी फळीखालून निघाली, हळूहळू फटीच्या उजेडात आली, तिथे जराशी घुटमळली आणि दिसेनाशी झाली. मागून दुसरी आली. पितळी काठाशी वाफेचा वास होता, दूर विहारात कोणीतरी माईक तपासत होतं, आणि मला त्या संथ सरकण्यावरून डोळे काढवेनात. मग साय धरू लागली. आईने डाव घेऊन ती मोडली आणि मग अधूनमधून येऊन मोडत राहिली.

दुपार व्हायच्या आत पातेल्याला हात लावला तर गार होतं.

संध्याकाळी वंदना झाली. आईने पहिला पेला भरला आणि स्वतः न चाखता मावशीपुढे धरला. मावशीने घोट घेतला, तोंडात फिरवला.

"काहून, आंबली का?" आईने विचारलं.

"गोड कमी हाय," मावशी म्हणाली आणि पेला पुढे केला. "टाक अजून. एका घोटात काय समजते?"

आईने पेला काठोकाठ भरला.