नथ्थूभाऊची बॉम्बे मिठाई आणि माझे दात

तुमचा पहिला दात कोणी पाडला, असं शहाद्यात आमच्या गल्लीत कोणालाही विचारून बघा. माणूस साठीपर्यंतचा असेल तर उत्तर एकच येईल. नथ्थूभाऊनं.

मारामारीत नाही हो! नथ्थूभाऊनं जन्मात कोणावर हात उगारलेला नाही. घरात झुरळ निघालं तर हा आधी पलंगावर चढतो आणि त्याची बायको, जसोदाबाई, चप्पल घेऊन झुरळामागे. त्यानं दात पाडले ते मिठाईनं.

नथ्थूभाऊ बॉम्बे मिठाईवाला. खांद्यावर उंच बांबूची काठी, काठीच्या वरच्या अंगाला पांढऱ्या-गुलाबी मिठाईचा हा एवढा गोळा, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि टोकावर बाहुली. बाहुलीची दोरी याच्या हातात. दोरी ओढली की बाहुली झांजा वाजवायची, आणि झांजा वाजल्या की गल्लीतली पोरं भरल्या ताटावरून उठायची. मग हा गोळ्यातून एक तार ओढणार, बोटांत काहीतरी वळवळ करणार, आणि बघता बघता तुमच्या मनगटावर घड्याळ! कोणाला अंगठी, कोणाला विंचू, पोरांना मिशा. वर चिमूटभर मिठाई गालाला चिकटवणार. ती फुकट. घड्याळ कधीच खाऊन संपायचं, पण गालावरची ती चिमूट जिभेला पोचत नाही म्हणून अर्धा तास आम्ही वेडीवाकडी तोंडं करत फिरायचो.

नाव बॉम्बे मिठाई, आणि माणूस नवापूरच्या पुढं कधी गेलेला नाही. मी एकदा विचारलं, "नथ्थूभाऊ, बॉम्बे कशी शे रे?"

म्हणतो, "गोड."

तेव्हा पैसे कोणाच्या हातात असायचे? शेतकऱ्यांची पोरं मूठभर कापूस आणून द्यायची आणि घड्याळ बांधून जायची. आमचं शेत नव्हतं, माझ्या वडिलांचं स्टँडजवळ सायकलचं दुकान होतं. म्हणून मी गादीतला कापूस काढायचे. गादी पार चपटी झाली. आई शेवटपर्यंत उंदरांना शिव्या देत राहिली आणि मी तिच्याबरोबर उंदीर शोधत राहिले.

हा धंदा नथ्थूभाऊच्या वडिलांनी आणला. ते तरुणपणी सुरतेला मजुरीला गेले होते. तिथं खोलीवर एक मिठाईवाला सोबतीला होता, त्याच्याकडून कसब शिकून आले. बघायला गेलं तर मिठाईत असतं काय? साखर, पाणी, लिंबू. पण पाक उकळून तेल लावलेल्या फरशीवर ओतायचा, हाताला जेमतेम सोसेल इतका गरम असताना गोळा करायचा आणि दाराच्या चौकटीत ठोकलेल्या खुंटीवर टाकून ओढायचा. ओढायचा, दुमडायचा, परत खुंटीवर. पिवळा पाक ओढून ओढून चांदीसारखा पांढरा होतो, तोवर माणूस घामानं निथळतो. नथ्थूभाऊचे तळवे बघा कधी. भाजून भाजून असे गुळगुळीत झालेत की ज्योतिष्यानं बघितले तर पैसे परत देईल.

वडिलांनी त्याला एकच नियम घालून दिला होता. आपण स्वतः चावल्याशिवाय लेकराच्या तोंडात द्यायची नाही. कारण ही मिठाई हाताला फसवते. बोटांत मऊ लागते आणि थंडीच्या दिवसांत तोंडात गेली की काचेसारखी कडकन तुटते. एकदा वडिलांनी घाईत तशीच नेली आणि एका लहान पोराची हिरडी कापली. त्या दिवसापासून सकाळी मिठाईचा घाणा उतरला की आधी वडील चावणार, मगच काठी बाहेर.

आता माझ्या दाताचं सांगते. नथ्थूभाऊ पंधरा वर्षांचा, मी सात. वडील तापानं झोपलेले, म्हणून काठी पहिल्यांदाच याच्या खांद्यावर आलेली. माझा पुढचा दात आठ दिवस लोंबकळत होता. आईला हात लावू देत नव्हते, वडील पक्कड दाखवून घाबरवायचे. नथ्थूभाऊनं मनगटावर घड्याळ बांधलं, मी कचकन चावले, हात मागे ओढला, आणि बघते तर दात घड्याळात! बरोबर काट्याच्या जागी.

मी भोंगा पसरला. हा पांढराफटक. काठी भिंतीला टेकवून पळत आमच्या घरी गेला आणि माझ्या आईचे पायच धरले. "काकू, मी काही करं नही, ती मिठाईनी करं!"

मी मागून रडत रडत आले आणि सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं, "हाई मिठाई नही शे, सायकलनी ट्यूब शे!"

आई मात्र इतकी हसली! त्याला चहा पाजला. पुढच्या आठवड्यात हालत्या दाताची पोरं बखोटीला धरून तीन आया त्याच्यासमोर उभ्या. तेव्हापासून पन्नास वर्षं गल्लीतले दुधाचे दात नथ्थूभाऊकडे. दात निघाला की तो पोराच्या हातात द्यायचा आणि गालावर एक चिमूट जास्तीची लावायचा.

आणि माझं? माझं लग्न शहाद्यातच झालं, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. म्हणून दर हिवाळ्यात पहिल्या घाण्याची पहिली तार घेऊन नथ्थूभाऊ माझ्या दारात उभा.

"चाव, सरला. कशी शे?"

"सायकलनी ट्यूब."

"पंक्चर तं नही ना?"

"आते तं नही."

झालं. एवढंच. पोरी झाल्या, त्यांची लग्नं झाली, आता नात जिया पहिलीत आहे. इतक्या वर्षांत 'चांगली' हा शब्द काही माझ्या तोंडून निघाला नाही. तोही कधी रागावला नाही. रागावायचं काय, मी ट्यूब म्हणायची वाटच बघत उभा राहायचा.

यंदा दसऱ्यानंतर नथ्थूभाऊचे उरलेसुरले सात दात दाताच्या डॉक्टरीणबाईंनी काढले. अर्ध्या गल्लीचे दात पाडणारा माणूस खुर्चीत बसून थरथर कापत होता म्हणे. मी भेटायला गेले तर गाल आत गेलेले, नवी कवळी डबीत.

म्हटलं, "काय रे, कवळी घालत का नही? डबीले जेवाडी ऱ्हायना का?"

जसोदाबाई फणकारली. "इचार त्यास्ले, काल काय झायं!"

काल काय झालं, तर यानं कवळी घालून मिठाई चावली. मिठाईनं कवळी धरली. यानं हात ओढला, तर वरचा जबडा तारेला लोंबकळत बाहेर. जसोदाबाईची सून रविना स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून बसली. मी पण हसले. नथ्थूभाऊ हसला नाही. तेव्हा मला कळलं की गोष्ट हसण्यासारखी नाही.

सारंगखेड्याची यात्रा पंधरा दिवसांवर आलेली. वडील गेल्यापासून नथ्थूभाऊनं एक यात्रा चुकवलेली नाही. कोरोनात यात्रा भरली नाही, तर हा काठी घेऊन आपल्याच दारात दिवसभर झांजा वाजवत बसला. पण चावल्याशिवाय विकायची नाही. आणि आता चावायचं कशानं? गल्लीतल्या पोरांना चाखायला दिली तर सगळी एका सुरात, "लय भारी!" पोरांना गोड काहीही भारीच. रविनाला दिली तर ती, "मस्त झायी, बाबा." सून काय बोलणार? जसोदाबाईला साखर, तिला डॉक्टरांची बंदी.

"या यात्रामा काठी गयी नही ना," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तं मोडी टाकसू. बाहुली अंगणवाडीले दी टाकसू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात. हातात स्टीलचा डबा.

"सरला, तू चाव. तुन्हा दात शाबूत शेत. आनि आख्ख्या शहादामा तू एकटीच शे, माले कधी चांगलं म्हनत नही."

मी चावली. कड्! काचच होती, बाई. टाळूला टोचली. पण समोर त्याचे ते बसलेले गाल, ते डोळे. माझ्यासारखी तोंडाळ बाई, पण त्या दिवशी विरघळले. म्हटलं, "चांगली झायी, भाऊ. एकदम चांगली."

त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि गेला. मला वाटलं, मी पुण्य केलं.

दुपारी जसोदाबाई आली ती कंबरेला पदर खोचूनच. "काय सांगं वं तू त्यास्ले?"

"चांगली शे, असं सांगं."

"हाय माय! तोच तं घोळ! घर उना आनि आख्खी मिठाई परत कढाईमा टाकी दिधी. म्हने, सरला चांगली म्हनी, म्हंजे बिघडनी. जेवना पन नही!"

मला असं झालं की कुठं तोंड लपवू. पन्नास वर्षं खोटं खोटं चिडवत आले तेव्हा त्याला खरं कळत होतं, आणि पहिल्यांदा गोड बोलले ते धडधडीत खोटं. आणि तेही यानं पकडलं.

चार दिवसांनी दुसरा घाणा घेऊन आला. दारातच उभा, आत यायला तयार नाही. "खोटं बोलनं व्हई तं आतेच सांगी दे. मी जास."

मी चावली. "काच."

त्याचा चेहरा असा उजळला! मिठाई बिघडली म्हणून आनंदलेला माणूस मी पहिल्यांदा बघितला. "किती काच? बाटलीनी का बांगडीनी?"

"बांगडीनी. आधी तुटस, मंग चिकटस."

"लिंबू कमी पडनं," तो स्वतःशीच पुटपुटला. "आनि पाक जरासा पुढे गया." आणि ओट्यावर टेकून पाच मिनिटं मला विचारत राहिला. कुठल्या दाताला कशी लागली, पुढच्या की दाढेच्या, चावताना आवाज झाला का. डॉक्टरीणबाईंनी पण माझ्या तोंडाची इतकी चौकशी कधी केलेली नाही.

यात्रेच्या दिवशी सकाळी तिसरा घाणा. गार वारं सुटलेलं. नथ्थूभाऊ धुतलेला सदरा घालून, डोक्याला रुमाल बांधून आला. मागे जसोदाबाई. तिच्या हातात मोकळी काठी, आणि बाहुली टॉवेलात गुंडाळलेली. नथ्थूभाऊनं डबा उघडला आणि एक तार माझ्या हातावर ठेवली.

मी दाढेखाली धरली. आधी दात हळूच रुतले. मग ती ताणली गेली, लांब लांब, तुटायचं नावच नाही. कान हलायला लागले. जिभेवर लिंबाची ती बारीकशी चुणूक आली, आणि मला आमची चपटी गादी आठवली, उंदरांना शिव्या देणारी आई आठवली, वडिलांची ती पक्कड. डोळ्यांत पाणीच आलं.

नथ्थूभाऊ घाबरला. "काय झायं? काच शे का?"

आता मी बोलू कशी? जबडेच चिकटलेले! वरचे दात खालच्या दातांना सोडेनात. मी हातानं थांब थांब करते, तर त्याला वाटलं, नको म्हणतेय. त्यानं मान खाली घातली. जसोदाबाईनं टॉवेलातली बाहुली छातीशी धरली. "जाऊ द्या," ती हळूच म्हणाली, "अंगनवाडीमा तं ऱ्हाई."

मी बोट घालून दाढ मोकळी केली. सगळा हात चिकट.

"नथ्थूभाऊ," म्हटलं, "म्हातारा व्हयना, तरी अजून सायकलनी ट्यूबच इकस का रे तू?"

त्यानं मान वर केली. माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"पंक्चर?"

"नही रे भो. एक बी नही."

"जसोदा," तो ओरडला, "काठी आन!"

माझ्या ओट्यावरच त्यानं गोळा काठीला गुंडाळला. बाहुली टोकावर चढवली, दोरी ओढून बघितली. झांजा वाजल्या तशी जिया दात घासता घासता बाहेर आली. तिचा पुढचा दात हलतोय, पण ती कोणाला सांगत नाही. नथ्थूभाऊनं तिच्याकडे बघून डोळा मारला. "सांजले ये तू." मग एक चिमूट काढली आणि माझ्या गालाला चिकटवली. साठीच्या बाईच्या!

"पूस पूस," जसोदाबाई म्हणाली, "लोके काय म्हनतीन?"

मी पुसली नाही. दोघांना सोडायला तशीच स्टँडवर गेले. काठी एसटीत मावेना, म्हणून टोक खिडकीतून बाहेर काढलं. कंडक्टर म्हणाला, "बाबा, बाहुलीनं हाफ तिकीट लागी हां!"

नथ्थूभाऊ हसला. तोंडात एक दात नाही. कवळी सदऱ्याच्या खिशात, डबीत. गाडी हलली, त्यानं आतून दोरी ओढली, आणि बाहुली खिडकीबाहेर झांजा वाजवत सारंगखेड्याकडे निघाली. मी जीभ बाहेर काढून गालापर्यंत पोचते का बघत होते. नाही पोचत. अजूनही.