संडासाचं कुलूप

आमच्या मुलींच्या शाळेतला एकुलता एक जुना संडास पाडून त्याच जागी नवा बांधला, तो दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण झाला. संक्रांत उलटून गेली तरी त्याला कुलूपच होतं. पैसे एका नामवंत नटाने दिले होते. फीत त्याच्याच हातून कापायची असं गावाने ठरवलं होतं आणि त्याची तारीख काही मिळत नव्हती. किल्ली शाळा समितीच्या अध्यक्षांच्या खिशात असे. मी दोनदा मागून पाहिली.

“बाई, निवद दाखवायच्या आधी कुणी जेवतं व्हय?” ते म्हणाले. “ज्याचं पैसं, त्याचा मान.”

त्यामुळे मधल्या सुट्टीत मुली शाळेमागच्या उसात जात. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, म्हणून मी बांधावर पाठ करून उभी राहायची आणि काठी आपटत राहायची. एम.ए., बी.एड. झाल्याचं तेवढं सार्थक. आम्ही शिक्षिका शेजारच्या घरी जायचो. आठवीतल्या दोन-तीन मुली दर महिन्याला चार दिवस यायच्याच नाहीत. कारण मला माहीत होतं आणि मी बिनदिक्कत ‘आजारी’ लिहायची.

शिक्षकांच्या खोलीत त्या नटाचं रोज पोस्टमॉर्टम चाले. टॅक्स वाचवतोय, फोटोसाठी करतोय, पापं धुतोय. मीही मागे नव्हते. “एका जाहिरातीत दात दाखवले की असले दहा संडास निघतात,” हे वाक्य माझं. तो येणार हे नक्की झाल्यावर मात्र मी पैठणी इस्त्रीला टाकली.

त्या दिवशी लेझीम, फेटे घेऊन अख्खं गाव फाट्यावर गेलं. आणि हा बाबा मोबाइलमधला नकाशा बघत मागच्या रस्त्याने थेट शाळेत! मी चार मुलींकडून दारात रांगोळी काढून घेत होते. पडद्यावर दिसतो त्यापेक्षा तो बुटका होता, चेहरा ओढलेला. जवळ येऊन हळूच म्हणाला, “बाई, मुंबईहून कुठेच थांबलो नाही. जरा बाथरूमला जायचं होतं.”

मी अध्यक्षांना फोन लावला.

“निघालोय, पर फुडं लेझीम हाय. अर्धा तास लागंल. तवर चहा पाजा त्यास्नी.”

शेजारचं घरही दाराला कुलूप लावून फाट्यावर गेलेलं. मी काठी उचलली आणि म्हटलं, “चला.”

तो उसात गेला. मी बांधावर पाठ करून काठी आपटत राहिले, पैठणीत.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, “काठी कशाला?”

“बिबट्या.”

“मुलीपण इथेच येतात?”

“हो.”

“मग ते बांधून कधी झालं?”

परत दाराशी येऊन मी काठी भिंतीला टेकवली. रांगोळीपाशी बसलेल्या एका मुलीने सांगून टाकलं, “दिवाळीतच. तुमच्यासाठी ठेवलंय, सर. आमी आत गेलोसुदा नाय.”

मिरवणूक आली, त्याने फेटा बांधू दिला, फीत कापली. भाषणाला नको म्हणाला. अध्यक्षांनी ऐटीत उघडलेलं कुलूप त्याने ‘बघू जरा’ म्हणून हातात घेतलं आणि किल्लीसकट खिशात घालून गाडीत बसला.

गाव अजून ते विसरलेलं नाही. टपरीवर विषय निघाला की अध्यक्ष म्हणतात, “लई माज, राव. दोन शब्द बोलला न्हाई. आन एवढा कोट्यधीश, पर आमचं नवंकोरं कुलूप घेऊन गेला. ह्यांची नियतच तसली!” सगळे हसतात.

त्याने ते कुलूप का नेलं हे मला ठाऊक आहे. तरी मी तेव्हा काही बोलले नाही आणि आजही बोलत नाही. मुली आता उसात जात नाहीत. पण कुलपाचा विषय निघाला की मला माझीच लाज वाटते. ते दगडाने फोडायला दिवाळीपासून मला कुणीही अडवलं नव्हतं.