पायाळू काकूंची पाठ

काकूंची लाथ खायला लोक लांबून येत. बाभुळगावात मी कारकून म्हणून लागलो तेव्हा त्यांच्याच घरी भाड्याने राहत होतो. माझी खोली दारालगत, त्यामुळे सगळा कारभार माझ्या डोळ्यांसमोर चाले. काकू जन्मल्या त्या पायांकडून, म्हणजे पायाळू. पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. उंबऱ्याशी माणूस पालथा पडायचा. काकू डाव्या हाताने चौकट धरायच्या, उजवा पाय उचलायच्या आणि टाच अलगद त्याच्या कमरेवर टेकवायच्या. "देवाचं नाव घे, नाई तं बायकोचं घे," म्हणायच्या, "पण श्वास नको रोकू."

लाथ झाली की त्या वाकून त्याच माणसाच्या पायाला हात लावायच्या. मग तो नातवाच्या वयाचा का असेना. "माणसाले पाय लावला, माफी नको मांगाले?" घेत काहीच नसत. कुणी पानसुपारीला म्हणून पैसे पुढे केलेच, तर "लाथेचे कोणी पैशे घेते का रे," म्हणून हसायच्या.

म्हातारपणाबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "केस पांढरे झाले तं कोणी म्हातारं नाई होत बाबू. चप्पल घालाले भिंत धरा लागली, का समजाचं." तेव्हा मी तिशीच्या आत होतो. एका पायावर उभा राहून बूट चढवायचो आणि त्यांना चिडवायचो.

कापसाचे ते वाईट दिवस. वेचणीच्या बाया, फवारणीचा पंप पाठीवर वागवणारे गडी, दवाखाना टाळणारे सगळेच उंबऱ्याशी येत. एकदा कळंबकडचा एक माणूस आला. लाथ झाली तरी उठेना. तसाच पालथा, तोंड हातांत घेऊन. काकू त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या. कुठलं गाव, बैलांची नावं काय, असं काहीबाही विचारत राहिल्या, त्याचा भाऊ घ्यायला येईपर्यंत. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "याची पाठ नाई दुखत रे. दुसरंच काई दुखून राह्यलं. दवाखान्यात काय सांगन तो? इथं निदान पालथं पडाले जागा आहे."

पुढच्या वर्षी माझ्या लक्षात आलं की लाथेनंतर काकू वाकत नाहीत, उभ्यानेच हात जोडतात. लोकांना वाटलं, बाईला गर्व चढला. मला वेगळंच दिसत होतं. चौकट धरलेल्या हाताच्या शिरा फुगत होत्या. पाय खाली आला की ओठ दाताखाली जात होते. एका सकाळी त्या चपलेपुढे नुसत्याच उभ्या होत्या, तळवा भिंतीवर.

"काकू, कधीपासून?"

"तू पाह्यलंच नाई असं समज."

"यवतमाळला दाखवू. मी रजा टाकतो."

"अन् डॉक्टर म्हणन, झोपून राहा. मंग इथं आलेला माणूस कोठं जाईन? पायाळूचीच पाठ गेली म्हणतीन." त्यांनी माझं मनगट धरलं. "माह्या पोरीले नको सांगू. तुले माही शप्पथ आहे."

पोरगी उमरखेडला दिलेली. दिवाळीला आली, तेव्हा काकूंनी पदर खोचून तिला अनारसे तळून घातले. निघताना ती माझ्या दाराशी थांबली. "भाऊ, आई बरी आहे ना? मले काहून तरी बरोबर नाई वाटून राह्यलं."

"बरी आहे," मी म्हणालो. शपथ पाळली, असं स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा हलकंही वाटलं, कारण बोललो असतो तर पुढची धावपळ माझ्याकडे आली असती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

वेचणी भरात असताना काकू पाय उचलता उचलता पडल्या. खाली पालथ्या पडलेल्या बाईच्या अंगावर आल्या म्हणून डोकं वाचलं. मणक्याचं हाड झिजून दबलं होतं. आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, असं यवतमाळला डॉक्टर बोलले. पोरगी जीप घेऊन आली. गादीसकट आईला आत घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"भाऊ, तुमाले माईत होतं."

मी चौकटीकडे पाहत राहिलो. काकूंच्या हाताच्या तेलाने तिथलं लाकूड काळं पडलं होतं. जीपमधून काकूंचा आवाज आला, "त्याले नको बोलू. मीच शप्पथ घातली होती." मला वाचवायलाही त्याच बोलल्या. पुढे काकू उमरखेडलाच वारल्या. मी मातीला गेलो नाही. त्या पोरीसमोर उभं राहवलं नसतं.

आता मी पन्नाशीत आहे. गेला पावसाळा सरल्यापासून बूट घालताना माझा हात आपोआप भिंतीवर जातो. पाठीत कुठेतरी चमक निघते, पायात उतरते, आणि दिवसभर कचेरीत मी त्याच एका जागेचा विचार करत बसतो. साधी उसण असेल. नसली तर? घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. या वेळी तर कुणी शपथही घातलेली नव्हती.

आज सकाळी बायकोने हटकलं, "भिंत कशाला धरता हो?"

काही नाही, हे शब्द तोंडाशी आले होते. पण दाराशी ती उमरखेडची पोरगीच उभी असल्यासारखं वाटलं.

"पाठ दुखते," मी म्हणालो.

"कधीपासून?"

तेही खरं सांगितलं.