तिरळ्या डोळ्याचं माकड

चादर निम्मी पिळून झाली होती, तेवढ्यात दार वाजलं. डोळेकाकांनी ती तशीच बादलीच्या काठावर टाकली आणि ओले हात सदऱ्याला पुसत दार उघडलं.

डोळेकाका हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पत्र्याच्या खेळण्यांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात फक्त डोळे रंगवले. अंग एकाने रंगवायचं, शेपूट दुसऱ्याने, डोळे यांनी. पुढे कारखाना बसला, साचे भंगारात गेले. नाव तेवढं चिकटून राहिलं.

दारात जुन्या वस्तूंचा व्यापारी होता. शेजारच्यांनी त्याला हे घर दाखवलं होतं. घर कसलं, एक खोली. खाटेवर काकू. न्हाणीत पडून खुबा मोडला तेव्हापासून सगळं अंथरुणातच. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पैसे जमले नव्हते. ते झालं नाही तर त्या पुन्हा उभ्या राहणार नाहीत, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

व्यापाऱ्याची नजर फळीवर खिळली. चावीचं माकड. एक डोळा समोर, दुसरा भलतीकडेच. कारखान्यातून टाकाऊ म्हणून निघालेलं, काकांनी खिशात घालून घरी आणलेलं. काकू म्हणायच्या, "तुमच्यावरच गेलंय. तोंड माझ्याकडे, लक्ष बाहेर."

त्याने आकडा सांगितला. ऑपरेशन होऊन वर औषधपाणी निघालं असतं.

"पत्र्याच्या माकडाला एवढे?" काकांनी विचारलं.

"काका, पोरांनी खेळून मोडली, आयांनी भंगारात घातली. उरली किती? आणि तेव्हा जे दुकानाच्या काचेला नाक लावून रडत घरी गेले, ते आता साहेब झालेत. एकाच्या कपाटात दिसलं की दुसऱ्याच्या पोटात दुखतं. माल वाढत नाही, हौस वाढते. भाव चढेल नाही तर काय? परवा रोख घेऊन येतो."

तो गेल्यावर काकूंनी हात जोडले. "आंधळा मागतो एक डोळा. ऐकलं हो देवाने."

काकांना मात्र चैन पडेना. कारखान्यात वाकडा डोळा बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा शिरस्ता. मुकादम असा नग सगळ्यांदेखत हातोडीने चेपायचा, आणि ज्याचा हात चुकला त्याची मान खाली. आता हे माकड कोणा साहेबाच्या कपाटात जाणार, चार लोक बघणार. एवढे पैसे घ्यायचे आणि असला माल द्यायचा?

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा डोळा लागला, तसा त्यांनी ट्रंकेतला बारीक ब्रश काढला. टर्पेंटाइनच्या बोळ्याने जुना ठिपका पुसला. चहाचा कप धरताना थरथरणारा हात इथे स्थिर राहिला. डोळा सरळ बसला. फार दिवसांनी त्यांना हलकं वाटलं.

व्यापारी ठरल्या दिवशी आला. माकड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि हळूच खाली ठेवलं.

"डोळ्याला हात कोणी लावला?"

"मीच. त्याचे वेगळे नकोत."

"काका, सरळ डोळ्याची माझ्याकडेच पाच-सहा पडलीत. वाकडी तुमच्या मुकादमाने चेपली. हे एकच वाचलं होतं, म्हणून तर तो भाव."

"मग त्याच दिवशी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही दुप्पट मागितले असते," तो खाली बघत म्हणाला. "आता नवा रंग लागला. सरळवाल्याचासुद्धा भाव येणार नाही."

पैशांचं पाकीट त्याने बाहेर काढलंच नव्हतं. तसाच जिना उतरून गेला.

काकू भिंतीकडे तोंड करून होत्या. म्हणाल्या, "मला विचारायचं तरी."

"झोपली होतीस."

"उठवायचं. अहो, मरेपर्यंत पडायचंच आहे मला, झोपेचं काय एवढं."

काकांनी त्यांच्या पायाखालची उशी नीट केली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला.

"तारखेचं काय?" काकूंनी विचारलं.

"आपण अडवून कशाला ठेवायची? दुसऱ्या कोणाला तरी मिळेल."

त्यांनी चपला पायात सरकवल्या. दवाखान्यात जाऊन ऑपरेशनची तारीख रद्द करून यायची होती.