दत्तोबांचा उजवा कान

"थांबा, आधी मला ऐकू द्या."

कुणी लाकडाचं काहीही हातात दिलं की दत्तोबा हेच म्हणायचे. पाट असो, पलंगाचा खूर असो, नाहीतर अलीकडच्या त्या जपानी धाटणीच्या लाकडी तलवारी असोत. बोटाचं पेर वाकवून ते लाकडावर टकटक करत, मग मान कलती करून उजवा कान जवळ नेत. तेवढा वेळ आजूबाजूची माणसं बोलणं थांबवत. गाभाऱ्यात थांबवतात तसं.

दत्तोबा आमच्या भीमाकाठचे. तिकडे बाभळी दाट, आणि बाभळीची नस ज्याला उमगली त्याला कुऱ्हाडीचा दांडा आपोआप उमगतो. पण उमेदीचं वय त्यांनी पुण्यात एका लाकडाच्या वखारीत घालवलं. तिथली पट्ट्याची करवत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत किंचाळायची आणि हे तिच्या शेजारी उभे. वखार मोडली तेव्हा वाघोलीला मुलाच्या घरामागे पत्र्याची शेड टाकून रंधा मारत बसले.

तलवारींची वाट नात सलोनीनं दाखवली. ती कॉलेजात शिकते आणि संध्याकाळी उल्काताईंच्या वर्गाला जाते. नगर रस्त्यालगत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हॉल आहे, तिथे उल्काताई जपानी तलवारबाजी शिकवतात. एकदा सलोनी मोडकी तलवार घेऊन आली. "आबा, एवढी चिकटवून द्या ना."

दत्तोबांनी ती उजेडात फिरवली. "ही चिकटवायची न्हाय, चुलीत घालायची. रेष बघ लाकडाची. मुठीपासनं निघाली अन् मधीच कडंनं भाईर पडली. जितं रेष भाईर, तितंच मोडणार. हे कुणी दिलं तुला?"

"ऑनलाइन घेतलीय."

"आनलाइनवाल्याला म्हणावं, खुट्टी कर तिची."

मग त्यांनी जुन्या बाभळीचा एक सरळ नसेचा तुकडा काढला आणि नातीला तलवार करून दिली. ती पाहून सगळा वर्ग शेडवर आला. केयूर नावाचा आयटीतला मुलगा आला, तो तर शिसवीची, आरशासारखं पॉलिश केलेली तलवार हवी म्हणून हट्ट धरून बसला.

"भिताडाला शोभंला पायजे, का हानायला?" दत्तोबांनी विचारलं.

"दोन्हीला चालेल ना काका?"

"लग्नातलं बूट घालून कुणी चिखलणी करतं का?"

शोभेच्या तलवारीला कोरडं मऊ फडकं, बाकी काही नाही. तेल लावलं की पॉलिश चिकट होतं. सरावाच्या तलवारीला पॉलिश नकोच, घामट हातात ती सटकते. तिला जवसाच्या तेलाचे थेंब तळव्यानं जिरवायचे. भिंतीला तिरकी टेकवून ठेवायची नाही, वाकते. गाडीत उन्हात सोडायची नाही. आणि पाणी तर दाखवायचंच नाही. एवढं सांगून ते म्हणत, "म्हयन्याला आणून दावा मला. आतली चीर डोळ्याला दिसत न्हाय."

ही आतली चीरच सगळ्यात वाईट. वरून लाकूड गुळगुळीत, धडधाकट. आत मात्र ते उकललेलं असतं, आणि एका घावाला टोक तुटून समोरच्याच्या तोंडावर जातं. उल्काताईंच्या वर्गात तोंडाला जाळी नसते. उघडे चेहरे, उघडे डोळे. म्हणून जोडीचा सराव असला की आधी दत्तोबांनी प्रत्येक तलवार वाजवून पास करायची, हा वर्गाचा नेमच पडला.

कान कधी गेले ते दत्तोबांनाही नीट सांगता आलं नसतं. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी गेली. सून ओरडायची, "अहो मामंजी, गॅस बंद करायचा ना!" ते म्हणायचे, "माझं ध्यान न्हवतं." मग एका दुपारी रंधा मारताना लाकडाची साल वळून वर येत होती, पण तिची ती सळसळ येत नव्हती. त्यांनी पुन्हा रंधा ओढला. पुन्हा ओढला. साल येत होती. शेड गप्प होती.

जाडेभरडे आवाज येत, समोरच्याचे ओठ पाहून बोलणं जुळवता येई. पण चिरेचा आवाज बारीक असतो, चांगल्या टणत्काराच्या शेपटीला लागलेला. तो आता येत नव्हता.

त्यांनी यावर तोड काढली होती. शेडचं दार लोटून ते तलवारीची मूठ जबड्याच्या हाडाला दाबून धरत आणि टोकाकडे टिचकी मारत. धड लाकूड दातांत मधमाशीसारखं घुमे, चिरलेलं मधेच मरे. हाड खोटं बोलत नव्हतं. पण हे लोकांपुढे करायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. लोकांना दत्तोबांचा कान माहीत होता. लाकूड तोंडाला लावून बसलेला म्हातारा त्यांना दाखवायचा नव्हता. तलवारी शेडवर येत तोवर हे निभलं.

यंदा दसऱ्याला उल्काताईंनी पालकांसमोर प्रात्यक्षिक ठेवलं. दत्तोबा दुपारीच हॉलवर गेले. तलवारी ओळीनं मांडलेल्या, झेंडू वाहिलेला, प्रत्येकीवर हळदकुंकवाची बोटं. त्यांनी एक उचलली आणि थबकले. लाकडाची कुसं उभी राहिली होती, अंगावर शहारा यावा तशी.

"हिला पाणी कुणी दावलं?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तनया म्हणून एक शाळेतली शिक्षिका होती, ती पुढे आली. "काल खंडेनवमी ना. शस्त्रपूजा केली. घरी बाबा तशीच करतात, आधी अभिषेक. दूध आणि थोडं पाणी."

"अन् मग?"

"मग गच्चीवर वाळत घातल्या. उन्हात."

"पापड हायत का हे?" दत्तोबांचा आवाज चढला. "दूध काय पाजता, बाळंत झाल्यात का?"

"दत्तोबा, आमच्याकडे लोखंडाच्याच पूजेची सवय," उल्काताई कोरडेपणानं म्हणाल्या. "आता रागवून त्या पहिल्यासारख्या होणार नाहीत. आपण तपासून द्या. ज्या गेल्या त्या बाजूला काढू. एकही उरली नाही तर प्रात्यक्षिक रद्द करू, माझं काही म्हणणं नाही."

हा क्षण त्यांच्या हातात होता. तलवारी शेडवर नेतो म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं. पण पालक येऊन बसू लागले होते, उल्काताई त्यांना सांगत होत्या, "हे आमचे दत्तोबा. यांचा कान बघा आता." मोबाईल वर झाले.

दत्तोबांनी पेर वाकवलं. टकटक केलं. मान कलती केली. हॉल शांत झाला, आणि दत्तोबांसाठी तो आधीपासूनच शांत होता.

डोळ्याला आणि हाताला जेवढं कळलं तेवढ्यावर त्यांनी काही बाजूला टाकल्या. केयूरची, सरावासाठी करून दिलेली बाभळीची हातात आली. वाजवली, कान लावला, चांगल्यांत ठेवली.

केयूर जवळच उभा होता. तो वाकून हळूच म्हणाला, "काका, हिचा आवाज जरा फुटका नाही आला? शेवटी?"

दत्तोबांनी त्याचे ओठ वाचले. त्यांनी ती तलवार परत उचलली. मूठ हनुवटीपर्यंत आली. अजून चार बोटं वर गेली असती की हाड लागलं असतं. समोर मोबाईल, माणसं, पहिल्या रांगेत सलोनीची आई.

"कानात रातध्याड बोंडं घालून फिरता," ते मोठ्यांदा म्हणाले, "अन् मला आवाज शिकवता?"

लोक हसले. केयूरही ओशाळून हसला आणि तलवार घेऊन गेला.

जोडी सलोनीची होती, त्याच्याशीच.

त्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. केयूर मारत होता, सलोनी अडवत होती. लाकडावर लाकूड आपटत होतं, पालक दचकून टाळ्या वाजवत होते. दत्तोबांना पायाखालच्या फरशीत तेवढे धक्के येत होते. खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं. केयूरची तलवार वर गेली, त्या उन्हात आली आणि दत्तोबांना दिसली ती रेघ. केसाएवढी. लाल. पूजेचं कुंकू चिरेत उतरलं होतं आणि घावांनी ती उमलत चालली होती.

"खाली टाक! पोरी, सर मागं!"

तोवर तलवार घावाला खाली आली होती.

टोक तुटलं ते भिंतीवर जाऊन आदळलं, पण वाटेत सलोनीची भुवई फाडून गेलं. ती गुडघ्यावर बसली, दोन्ही हात डोळ्यावर. बोटांमधून रक्त मनगटावर आलं. तिची आई धावली, पालकांतल्या एक डॉक्टर बाई धावल्या. त्यांनी हळूच सलोनीचे हात बाजूला केले, जखमेवर कापूस दाबला. मग डॉक्टर बाई म्हणाल्या, "डोळा वाचलाय. टाके पडतील, पण डोळा वाचलाय."

केयूर हातातल्या उरलेल्या तुकड्याकडे पाहत होता. "मी म्हटलं होतं," तो म्हणाला, कुणाला असं नाही. "मी म्हटलं होतं ना."

उल्काताई दत्तोबांपुढे येऊन उभ्या राहिल्या. "आपण ऐकली होती ना ही?"

दत्तोबा त्यांच्या ओठांकडे पाहत राहिले. "मला आवाज आला न्हाय."

"हिचा?"

"कुनाचाच न्हाय. लय दिस झालं."

 उल्काताई बाजूला झाल्या.

दत्तोबा नातीजवळ गेले. हात पुढे केला, पण सून मधे सरकली आणि तो हात तसाच मागे आला. त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, जिन्यानं उतरले आणि नगर रस्त्याच्या कडेनं घराकडे चालू लागले.

सलोनी खिडकीशी आली. कापसानं एक डोळा झाकलेला, दुसऱ्यानं ती पाहत होती. मागून पाण्याचा टँकर येत होता, हॉर्न वाजवत, मग हॉर्नवरचा हात न काढता. आबा वळले नाहीत. ती ओरडली, "आबा! अहो आबा, बाजूला व्हा!" शेजारी येऊन केयूरही ओरडला. टँकर वळसा घालून त्यांना घासून गेला, धोतराचा सोगा वाऱ्यानं फडकला, तेव्हा कुठे ते दचकून थांबले. गेलेल्या टँकरकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. मग पुन्हा त्याच कडेनं, त्याच संथ चालीनं ते निघाले. मागून दुसरी वाहनं येतच होती, आणि खिडकीतून सलोनी त्या पांढऱ्या टोपीवरून आपला एकच उघडा डोळा हलवत नव्हती.