हारुए आंटीच्या अंगणातल्या चाळीस काड्या

लाइल फुर्तादोने फ्रीजरमधली पिशवी उघडली, काडी भिंगाखाली धरली आणि पहिली मुंगी दिसताच भिंग टेबलावर आपटलं.

दीड मिलिमीटर लांब. नारिंगी. सगळ्या एका मापाच्या. कमरेला दोन गाठी. भिंग पुन्हा उचलून त्याने नीट पाहिलं, कारण न पाहता नाव सांगणं त्याच्या कामात बसत नव्हतं. दुसरीही एक लाल मुंगी असते. ती मोठी, चपळ, जमिनीतच राहणारी, आणि तिचा इलाज वेगळा. ही मात्र बारकी आगमुंगी. हळू चालते, झाडावर घरं करते, वारा सुटला की वरून अंगावर गळते. मानेवर, कॉलरच्या आत. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत चावून चावून बुबुळं पांढरी करते.

पीनट बटर फासून अंगणात ठेवलेल्या आणि मग गारठवलेल्या चाळीस काड्यांपैकी सात काड्यांवर ती होती. आठव्या फवारणीच्या वेळी. डिसेंबरात एकाही काडीवर नव्हती.

"सात," तो म्हणाला.

"कशाचे सात?" नोईने स्वयंपाकघरातून विचारलं. नोई म्हणजे त्याची बायको. ती मानेला मलम चोळत होती. कपडे वाळत घालायला गेलं की मान खाजते, ही तिची तक्रार जुनीच होती.

"हारुए आंटीकडे. मुंग्या परत आल्या. आणि तू साबण बदल म्हणून किती वेळा सांगितलं तुला!"

"दोनदा बदलला," नोई म्हणाली.

लाइलचं वय अठ्ठावन्न. उमेदीची वर्षं त्याने उसाच्या मळ्यात पाठीवर पंप घेऊन तण मारण्यात घालवली. मळे बंद पडले तेव्हा पंप तोच ठेवला आणि औषध बदललं. काम तो कधी घाईने करत नसे. पाण्यात तेल, पीनट बटर, घट्ट करायची पावडर आणि औषध, सगळं मोजून, घोटून, खळीसारखं होईपर्यंत. मग ते झाडांच्या शेंड्यापर्यंत पिचकाऱ्यांनी उडवायचं. मुंगीने ते खायचं, घरी न्यायचं, राणीला भरवायचं. दर सहा आठवड्यांनी, एक वर्षभर. एक फेरी चुकली की मागच्या तीन वाया. आणि हे सगळं हिलोत करायचं, या बाराही महिने पाऊस पडणाऱ्या बेटावरच्या गावात. फवारणीनंतर निदान चार तास कोरडे हवेत आणि चार तास कोरडे इथे कुणी पाहिले आहेत?

हारुए तोकुनागा ही त्याची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. एकोणऐंशी वर्षांची, कंबरेत वाकलेली. अंगणाच्या मधोमध पुआ केनिकेनीचं झाड, तिच्या नवऱ्याने, मासाओने, नात टेरिन जन्मली त्या वर्षी लावलेलं. फूल पहिल्या दिवशी पांढरं, दुसऱ्या दिवशी केशरी, आणि वास असा की गल्लीच्या टोकाला कळतो. टेरिन शाळा पास होईल तेव्हा तिच्या गळ्यात याच झाडाच्या फुलांच्या सहा लेई, म्हणजे माळा, पडतील, असं मासाओ सांगून गेला होता. टेरिनचा समारंभ मेच्या शेवटच्या शनिवारी होता. मुंग्या लागलेल्या झाडाची फुलं कुणी पोरीच्या गळ्यात घालत नाही. गेल्या जुलैत आंटीने लाइलला बोलावलं ते एवढ्यासाठीच.

"दहा महिने आहेत," ती तेव्हा म्हणाली होती. "होईल?"

"तुम्ही माझं ऐकलंत तर होईल."

तिने ऐकलं होतं. पहिल्या चाचणीत तेहेतीस काड्या भरल्या होत्या. मग एकोणीस, सहा, एक. डिसेंबरात शून्य. त्या दिवशी आंटीने त्याला नव्या वर्षाच्या भाज्या पातेलं भरून दिल्या होत्या.

आणि फेब्रुवारीत दोन, मार्चात पाच, आता सात.

ही मुंगी उडत येत नाही. तिला माणूस आणतो. कुंडीतून, मातीतून, लाकडातून. म्हणजे कुणीतरी आणली होती, आणि तो कुणीतरी कोण हे लाइलने गाडीत बसेपर्यंत ठरवूनही टाकलं होतं.

आंटीच्या कुंपणापलीकडचा काइपो कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"काय रे लाइल, तोंड असं का? माझा कोंबडा झोपला का तुझ्या गाडीवर?"

"कुठून माती आणलीस नवीन?"

"माती? कोंबड्यांना काय मी शेती शिकवतोय?"

"काइपो, म्हातारीचं वर्ष वाया चाललंय. कुंपणालगत दहा काड्या लावतो. मध्ये येऊ नकोस."

"लाव ना. शंभर लाव. पण काही निघालं नाही तर माफी मागशील. माझ्या कोंबड्यांसमोर."

लाइलने काड्यांच्या टोकांना पीनट बटर पातळ फासलं. जाड फासलं की मुंगी त्यातच अडकते आणि मागच्या येत नाहीत. सावलीत, ओलीत, खोडापाशी, हातभर अंतरावर त्याने काड्या ठेवल्या. तासभर उन्हात उभा राहिला. काइपो खुर्ची टाकून बघत बसला. तासाने दहा काड्या उचलल्या. काळ्या घरमुंग्या होत्या, दोन-तीन. लाल एकही नाही.

"कोंबड्या वाट बघतायत," काइपो म्हणाला.

"माफ कर."

"मला नको, त्यांना."

लाइल फाटकातून आंटीकडे गेला. राग आता दुसरीकडे वळला होता.

"आंटी, मी काय सांगितलं होतं? फाटकातून आत काही घ्यायचं नाही. लोक तुम्हाला रोपं आणून देतात, मला माहीत आहे. तुम्हाला नाही म्हणता येत नाही. मग मी कशाला उन्हात मरतोय?"

आंटीने पायात चपला घातल्या. मग म्हणाली, "ये इकडे."

फाटकाजवळ कपडे धुवायचा मोठा टब होता. त्यात साबणाचं पाणी, पाण्याच्या मधोमध वीट, विटेवर एक कुंडी.

"जे येतं ते आधी इथे बसतं. पंधरा दिवस. पाणी ओलांडता येत नाही त्यांना, तूच सांगितलंस. पंधरा दिवसांत तीनदा काडी लावते. पातळ फासते, ओरडू नकोस. जुलैपासून चौदा कुंड्या आल्या. दोन वाईट निघाल्या, त्या पिशवीत बांधून ज्याच्या त्याला परत दिल्या. वाईट वाटलं त्यांना. एकीने अजून बोलणं टाकलंय."

लाइलने टब पाहिला. पाण्यावर एक पान तरंगत नव्हतं, की पूल व्हावा. इतकं नेमकं काम त्याने मळ्यातल्या मुकादमाकडेही पाहिलं नव्हतं. त्याला अजूनच चीड आली. काम बरोबर, फवारणी बरोबर, शेजारी बरोबर, मग मुंगी येते कुठून?

सात काड्यांचे आकडे त्याने वहीत पाहिले आणि त्या जागा पायांनी चालला. अकरापासून सतरापर्यंत. सगळ्या घराच्या पायऱ्यांभोवती. सर्वांत जास्त मुंग्या बाराव्या काडीवर होत्या. बारावी काडी तिसऱ्या पायरीखाली. तिसऱ्या पायरीवर काळ्या कुंडीत अँथुरियम, लाल चकचकीत फुलांचं.

"ही पण टबात होती?"

"ती?" आंटी म्हणाली. "ती तर तुझी."

लाइल पायरीशी वाकला.

"नव्या वर्षाला पातेलं परत आणलंस तेव्हा त्यात ठेवून दिलीस की. रिकामं भांडं परत द्यायचं नाही म्हणून. विसरलास?"

"हिला काडी लावली होती?"

"तुझ्या कुंडीला?" आंटी ओशाळून हसली. "काहीतरीच काय लाइल. डॉक्टरने दिलेल्या गोळीला कुणी वास घेऊन बघतं का?"

त्याने कुंडी उचलली आणि आडवी केली. तळाच्या भोकातून माती सांडली. मातीत पांढऱ्या अळ्या, आणि त्यांना तोंडात धरून हळूहळू, काही घाई नसल्यासारख्या, त्या. भिंग लागलं नाही.

"कुठून आणली होतीस?" आंटीने विचारलं.

"घरून. माझ्या मागच्या अंगणातून."

पलीकडे काइपोचा कोंबडा आरवला.

घरी येऊन लाइलने स्वतःच्या अंगणात दहा काड्या लावल्या. सव्वीस वर्षं तो त्या अंगणात राहत होता. पंप तिथेच धुतला, औषध तिथेच घोटलं, काडी कधी लावली नव्हती. गावातल्या दीडशे अंगणांत लावली होती. तासाने नऊ काड्या लाल होत्या. दहावी वाळत घातलेल्या कपड्यांखाली होती. तिच्यावर इतक्या मुंग्या होत्या की लाकूड दिसत नव्हतं.

नोई दारात उभी होती. तिचा हात मानेवर होता.

"आता साबण कोणता आणू?" तिने विचारलं.

पुढचे चार आठवडे लाइलने जितकी मेहनत घेतली तितकी मळ्यातही घेतली नव्हती. पायऱ्यांभोवतीची माती वीतभर खोल खणली आणि उकळतं पाणी ओतलं. एका फवारणीवर सर आली, दुसरीवर आली, तिसरीला तो पहाटे उठून आभाळाकडे बघत बसला आणि चार कोरडे तास मिळाले. पुआ केनिकेनीच्या बुंध्याला चिकट पट्टी बांधली. पट्टीखाली, जमिनीपर्यंत वाकलेल्या तीन फांद्या कापल्या. कापताना आंटी आत गेली, तिला बघवेना.

समारंभाच्या आधीच्या मंगळवारी त्याने शेवटच्या चाळीस काड्या लावल्या. पायऱ्यांवर काही नव्हतं. कुंपणाला नव्हतं. झाडाच्या दुबेळक्यात शिडीने चढून ठेवलेली छत्तिसावी काडी त्याने आंटीच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर झटकली.

चार.

आंटी चहा ओतत होती. तिची पाठ त्याच्याकडे होती. कागदाची घडी करून खिशात टाकायला एक क्षण पुरला असता.

"चार आहेत," तो म्हणाला. "झाडावर."

"चारच?"

"चार खाली आल्या. वर किती, माहीत नाही."

"फुलं धुतली तर? पाण्यात बुडवली तर?"

"फुलाची नळी लांब असते. आत शिरून बसतात. सहा लेईंना तीनशे फुलं. मी एकेक फाडून बघीन आंटी, पण फाडलेल्या फुलाची लेई होत नाही. आणि न फाडता मी खात्री देणार नाही."

आंटीने कप त्याच्यापुढे ठेवला आणि खिडकीतून झाडाकडे पाहिलं. झाड भरलं होतं. अर्धं पांढरं, अर्धं केशरी.

"खात्री नाही म्हणजे नाही," ती म्हणाली. "मासाओही असंच म्हणाला असता. त्याआधी तुला दोन शिव्या दिल्या असत्या."

"तुम्ही द्या."

"मला येत नाहीत. काइपोकडे जा."

तिने कपाट उघडून केशरी आणि पांढऱ्या लोकरीचे गुंडे काढले. एक लेई अर्धी विणून झाली होती. म्हणजे तिने आधीच ओळखलं होतं, मार्चातच कदाचित, आणि तरी त्याला चार आठवडे खणू दिलं होतं. लाइलला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

"झाडाचं पुढे काय?" तिने विचारलं.

"पुन्हा पहिल्यापासून. वर्षभर. आठ फेऱ्या. यावेळी तुम्ही पैसे द्यायचे नाहीत."

"त्याचं नंतर बघू. आणि तुझ्या अंगणाचं?"

"परवा पहिली फेरी केली. पाऊस आला."

"मग उद्या परत कर."

तो उठला. दारापर्यंत गेला तोच तिने हाक मारली. ती स्वयंपाकघरातून पीनट बटरची नवी बाटली आणि रबरबँड लावलेला काड्यांचा गठ्ठा घेऊन आली. काड्यांवर पेन्सिलीने आकडे घातले होते, एक ते चाळीस.

"रिकाम्या हाताने जाऊ नये," ती म्हणाली. "दहा काड्यांनी अंगण कळत नाही, चाळीस लाव. आणि पातळ फास."