एका दाण्याची हजार माणसं

तलासरीच्या आमच्या शाळेत मी इतिहासाचं प्रदर्शन मांडलं होतं. टेबलावर तांदळाचे ढीग, आणि एक दाणा म्हणजे हजार मेलेली माणसं. दुसऱ्या महायुद्धाला परात लागली, अणुबॉम्ब चिमटीत मावला. बंगालचा दुष्काळ आणि फाळणी मूठ-मूठभर.

रानशेतहून येणारे सर म्हणाले, दुष्काळाचा ढीग कमी दाखवलाय. डहाणूचे सर म्हणाले, कमी आहे तो फाळणीचा. आवाज चढले, कॉलर धरली गेली, ठोसा बसला. ओठ फाटला, चष्मा फुटला, टेबल उलटलं. मेलेल्यांच्या आकड्यावरून दोन मास्तर एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि बाकीचा स्टाफ नुसता बघत होता.

तेवढ्यात मुख्याध्यापिका ओरडल्या, "अहो, अन्न तुडवताय!"

दोघं जागीच थांबले. पायाखालचे दाणे उचलून त्यांनी कपाळाला लावले आणि माफी मागितली, ती तांदळाची. फाटलेल्या ओठाकडे कुणी पाहिलंही नाही. मीही खाली बसून दाणे वेचले.

सरावलीला घरी आलो तर चपलेच्या तळाला एक दाणा चिकटलेला. सवयीने तो कपाळाला लावला आणि मग आठवलं, हजार माणसं तुडवत मी घरापर्यंत आलो होतो.